नावं ठेवणारे इनासकाका

आमच्या सासूबाईंना दमा नसता तर मला इनासकाका भेटले नसते. आणि ते भेटले नसते, तर एखाद्याला नावं ठेवणं हाही जीव लावण्याचाच एक प्रकार असतो, हे मला या जन्मी कळलं नसतं. काका जाऊन आता वर्ष होत आलं. उमेळ्यातल्या दवाखान्याच्या ओट्यावर बसले की अजून मी आधी त्यांची जागा बघते.

आम्ही वसईजवळ उमेळ्याला फ्लॅट घेतला तेव्हा चिपळूणहून आलेल्या सासूबाईंना इथली हवा मानवेना. शेजारीण म्हणाली, "राऊत डॉक्टरांकडे न्या. ओरडतात, पण गुण येतो." दवाखाना जुन्या गावात, उंच पायऱ्यांचा. सासूबाईंना मी आणि नवऱ्यानं दोन्ही हातांना धरून अक्षरशः वर ओढलं. ओट्यावर लांब बाक होता. आम्ही टेकणार एवढ्यात त्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "त्या टोकाला नका बसू, सूनबाई. बाक पास आहे, पन तेवढा पाय लुळा आहे."

हे इनासकाका. उंच, काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. माझं नाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी घेतलं नाही. सासूबाईंबरोबर आले म्हणून मी सूनबाई, ती शेवटपर्यंत. घरी ते बायकोशी त्यांच्या वाडीतल्या बोलीत बोलत, त्यातलं मला पहिली दोन वर्षं ओ की ठो कळत नसे. आमच्याशी मात्र शाळेतली मराठी, मधूनमधून 'ण'च्या जागी घरचा 'न' डोकावणारी.

वसई पूर्वेच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं कुकरची झाकणं तपासण्यात घालवली होती. झाकण हातात घ्यायचं, फिरवायचं, उजेडात धरायचं, आणि ठरवायचं. ती सवय निवृत्त झाल्यावर सुटायच्या ऐवजी जगभर पसरली. फादरांचं प्रवचन, नगरपालिकेचं गटार, बाजारातले बोंबील, भाच्याची मोटारसायकल, सगळं ते एकदा उजेडात धरून बघत. निकाल मात्र ठरलेला असे. "पास. पन..." आणि मग त्या 'पन'च्या पुढे जे काही यायचं, त्यानं समोरच्याचं तोंड एवढंसं व्हायचं.

त्यांच्या बायकोनं, मोनिकाकाकूनं, मला एकदा सांगितलं, "लग्नाच्या दिवशी मांडवात माझा बाप याला विचारतो, काय जावयबापू, सगळं ठीक ना? हा म्हनतो, पास. पन मांडव डावीकडे झुकलाय. बापानं रागानं बघितलं तर खरंच झुकला होता. मग हा नवरदेव कोट काढून बांबू सरळ करायला गेला. माझे फोटो आहेत सगळे, नवऱ्याशिवाय."

आमच्या घरी पहिल्या दिवाळीला ते काकूंबरोबर फराळाला आले. सासूबाईंच्या चकलीला चिपळुणात मान होता. काकांनी चकली मोडली, आत बघितलं, आणि म्हणाले, "पास. पन मधे कच्ची आहे." सासूबाईंनी त्यांच्यापुढचं ताट उचलून आत नेलं नाही एवढंच. पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात 'त्या झाकणवाल्या'चा उद्धार चालला होता. आणि पुढच्या दिवाळीला पहिला घाणा तळून झाल्याबरोबर त्याच सासूबाई मला म्हणाल्या, "जा गं, इनासला बोलावून आण. बघू दे आता काय म्हणतो." काकांनी चकली मोडली, बघितलं, खाल्ली, दुसरी उचलली. बोलले काहीच नाहीत. सासूबाईंना त्या दिवशी औषधाची आठवण झाली नाही.

नाताळात काकूंचा फराळ आमच्याकडे यायचा तोही निकालासकट. "हे खा. हे पन खा. यात साखर जास्त झालीय, हे मुलांना द्या." मी एकदा म्हटलं, "काका, सारखी नावं काय ठेवता? माणसं दुखावतात." तर ते चष्मा पुसत म्हणाले, "सूनबाई, ज्याच्याकडे परत जायचं नसतं ना, त्याला मानूस गोड बोलतो. मला सगळ्यांकडे परत जायचं असतं."

राऊत डॉक्टर त्यांचे बालमित्र. गावातल्या शाळेत एका बाकावर बसलेले. डॉक्टर जुन्या पद्धतीचे. जीभ दाखवा, श्वास घ्या, आणि "पथ्य मोडलंत ना?" हा प्रश्न अशा आवाजात, की बाहेर बसलेल्यांनाही आपापलं पथ्य आठवावं. उमेळ्यातली तीन पिढ्यांची दुखणी त्यांना तोंडपाठ. इनासकाकांचा नंबर लागला की आतून आवाज यायचा, "ये इनास, तुझं काय दुखतंय आज?" आणि काका म्हणायचे, "तुझा पंखा. किती कुरकुरतो, ऐक जरा." मग दोघं हसायचे आणि बाहेरचे पेशंट घड्याळाकडे बघायचे.

डॉक्टरांची सत्तरी उलटून गेली होती. मुलगी परदेशी, ती काही उमेळ्यात येऊन दवाखाना चालवणार नव्हती. आपल्यामागे दवाखान्याचं काय, हा प्रश्न डॉक्टर टाळत होते आणि गावही टाळत होतं. अशात एका संस्थेच्या बाई आल्या. मऊ बोलणाऱ्या, सुती साडीतल्या. त्यांची संस्था असे जुने दवाखाने हातात घेऊन चालू ठेवायची: नवा डॉक्टर द्यायचा, जागा दुरुस्त करायची, जुन्या डॉक्टरांना मानानं बसवायचं. पण त्याआधी पेशंटचं म्हणणं ऐकायचं, असा त्यांचा नियम. म्हणून त्यांनी घरोघर फॉर्म वाटले. डॉक्टर वेळ देतात का, नीट समजावतात का, दवाखान्यात काय सोयी आहेत, आणि पुढे उत्तम, बरं, वाईट अशा चौकोनात खूण. नाव लिहायचं नाही.

आता आमच्या गावाला असल्या गोष्टींची सवय कुठली? रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात आणि संध्याकाळी देवळापुढे एकच बोलणं, "आपल्या डॉक्टरांची परीक्षा आहे. मार्क कमी पडले तर दवाखाना बंद करतील." झालं. एरवी चर्चवाले आणि देवळावाले, गाववाले आणि बिल्डिंगवाले यांचं एका नळावर एकमत होत नाही, पण डॉक्टरांना पास करायचं यावर सगळ्यांचं एकमत झालं. जिथे चौकोन दिसेल तिथे 'उत्तम'. चाकाच्या खुर्चीवरच्या रुग्णाला आत जाण्याची सोय? उत्तम. ज्या सासूबाईंना आम्ही दोघं ओढून वर नेत होतो, त्यांनीही उत्तम. बायकांसाठी स्वच्छतागृह? ते नव्हतंच. तरी उत्तम.

महिन्याभरानं बाई परत आल्या. ओट्यावर माणसं जमली, डॉक्टर मधोमध खुर्चीवर, सत्काराला बसल्यासारखे. बाईंनी फॉर्मचा गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "इथे सगळंच उत्तम आहे, मग आमची गरज काय? आम्हाला या वर्षी एकच दवाखाना घेता येणार आहे. दुसऱ्या एका गावानं त्यांना काय कमी पडतं ते नीट सांगितलंय. आम्ही तिकडे जावं असं मला वाटतं."

दवाखाना वाचावा म्हणून दिलेल्या मार्कांनी मदतच परत पाठवली होती. बाई उठता उठता म्हणाल्या, "एकाच फॉर्मवर काहीतरी लिहिलंय." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, "दवाखाना पास. पन..."

नाव लिहायचं नव्हतं, ते कशाला लिहायला हवं होतं? सगळ्या माना एकदम इनासकाकांकडे वळल्या. बाई भोळेपणानं पुढे वाचत गेल्या. पायऱ्या उंच आहेत, म्हातारी माणसं येत नाहीत. बायकांना जायला जागा नाही. डॉक्टर ओरडतात म्हणून लोक दुखणं लपवतात. "डॉक्टरांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. हळू बोलणाऱ्या बायकांचं कळत नाही, तरी ते मान हलवतात. ते एकटे आहेत. त्यांना माणूस द्या."

डॉक्टर उभे राहिले. आत गेले आणि दार लावून घेतलं.

बाईंना काय झालं ते कळलं, त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की, खरं लिहून देणार असाल तर आणखी एक संधी देते, पण लवकर. ते ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. सगळा राग काकांवर निघाला. "मित्र म्हनवतो आनि चारचौघांत बहिरा ठरवतो." "खाल्ल्या घरचे वासे मोजणारा." बाकावर ते बसले की माणसं सरकून घेत. चर्चमध्ये मोनिकाकाकूंशी बायका बोलेनात. आणि डॉक्टर? ते काकांना तपासत, रक्तदाब बघत, गोळ्या लिहून देत, आणि एक शब्द बोलत नसत. कुरकुरणाऱ्या पंख्याखाली दोन म्हातारे मुक्यानं बसलेले. मला ते दारातून बघवत नसे.

मी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. काका अंगणात वाल सोलत होते. "काका, हे तुम्ही त्यांना एकट्याला नसतं का सांगता आलं?"

"सांगितलं ना. दोनदा. उजव्या कानात सांगितलं, तरी ऐकलं नाही." एवढं बोलून ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. "मोनिकाला चक्कर यायची, सूनबाई. ती त्याला हळूच म्हनाली, बायका सांगतात तसं. यानं मान हलवली आनि खोकल्याचं औषध दिलं. मी बाजूला बसलो होतो. शाळेपासूनचा मित्र माझा, त्याला ऐकू आलं नाही हे मला दिसलं. तो खोटं नाही बोलत, त्याला भीती वाटते. कान गेला म्हनलं की लोक जातील, दवाखाना जाईल. आनि मी गप्प बसलो तर एक दिवस कोनाचा तरी जीव जाईल. मग काय करायचं? मला काय आनंद झाला लिहिताना?"

सुपातले वाल त्यांनी बाजूला ठेवले. डोळे भरले होते, ते दोरीच्या चष्म्यामागे लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मी इतकी वर्षं या माणसाला तुसडा समजून त्याच्यावर माया करत होते. तुसडेपणा नव्हताच तो. त्या संध्याकाळी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

"दवाखाना जाता कामा नये," ते म्हणाले. "तुमचं अक्षर बरं आहे ना?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरोघर निघालो. मी लिहायला, ते शिव्या खायला. काही दारं तोंडावर लागली. काहींनी मला पाणी दिलं आणि त्यांना दिलं नाही. काका उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणायचे, "मला मागनं बोला. आधी दवाखान्याचं बोला."

नर्मदाआजींचं घर मला विसरता येत नाही. आजींचा गुडघा पार गेलेला, वर्षभरात दवाखान्याची पायरी त्या चढल्या नव्हत्या. तरी फॉर्म बघून त्यांनी हात जोडले. "नाही बाय, मी काय नाही बोलायची. डॉक्टर देवमानूस आहे. त्याच्याबद्दल तक्रार करू? पाप लागेल."

काका दारातूनच म्हणाले, "आजी, सकाळी देवापुढे बसता तेव्हा काय बोलता?"

"काय बोलनार? गुडघा दुखतो, पोरगा विचारत नाही, पानी येत नाही."

"म्हनजे देवाला रोज तक्रारच सांगता ना? मग देवमानसाला सांगायला कसली लाज?"

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. मग तोंडाला पदर लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आणि मग जी सुरुवात झाली! पायऱ्या, डॉक्टरांचं ओरडणं, औषधाच्या चिठ्ठीवरचं ते अक्षर, सगळं बाहेर आलं. शेवटी आजी म्हणाल्या, "पन मला राऊत डॉक्टरच पायजेत हां. दुसरा नको." मी लेखणी थांबवली होती. काका म्हणाले, "ते पन लिहा, सूनबाई. तक्रार अर्धी लिहायची नसते."

आजींशी झालेलं हे देवाचं बोलणं आमच्या आधी पुढच्या आळीत पोचलं. तिथून लोक आपण होऊन बोलायला लागले. मुंबईहून दमून येणारे बिल्डिंगवाले म्हणाले, आम्ही येतो तेव्हा दवाखाना बंद झालेला असतो. कोळणी म्हणाल्या, बायकांचं दुखणं बाईमाणसाला सांगता येईल असं काही करा. आमच्या सासूबाईंनीही खूण बदलली आणि वर जोडलं, "मला ओढून नेतात, लाज वाटते." त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. आणि प्रत्येकाच्या तक्रारीखाली तीच ओळ होती: डॉक्टर हवेतच.

सगळं जमल्यावर काका म्हणाले, "संस्थेला द्यायच्या आधी त्याला दाखवा. त्याच्या मागनं नको." म्हणून मी गठ्ठा घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुपारच्या वेळी, पेशंट नसताना, एकेक कागद वाचला. मध्येच एकदा थांबून खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता गठ्ठा भिरकावतात. ते म्हणाले, "मी एवढा ओरडतो?"

मी म्हटलं, "हो."

"इनासनं काय लिहिलंय या वेळी?"

"त्यांनी नवा भरला नाही. म्हणाले, पहिलाच राहू दे."

"हट्टी आहे," डॉक्टर म्हणाले आणि कागद नीट रचून माझ्या हातात दिले. "पाठवून दे."

संस्थेनं दवाखाना घेतला. दुसऱ्या गावाचंही पुढच्या वर्षी होईल असं बाईंनी कबूल केलं. पायऱ्यांशेजारी उतार झाला, मागे स्वच्छतागृह झालं, पंखा बदलला. जवळच बोळिंजला राहणारी एक तरुण डॉक्टरीण रोज यायला लागणार होती, संध्याकाळी उशिरापर्यंत बसणारी. राऊत डॉक्टर सकाळचे दोन तास. गाव पुन्हा काकांशी बोलायला लागलं, थोडं ओशाळून. कोणीतरी केळीचा घड पाठवला. डॉक्टर मात्र अजून बोलले नव्हते.

काका त्यानंतरही बरेच दिवस होते, मला पुष्कळदा भेटले. पण मी मनाशी ठेवलेत ते नव्या डॉक्टरणीच्या पहिल्या सकाळचे.

गर्दी होती. काही दुखणी घेऊन आले होते, काही नुसतेच बघायला. नर्मदाआजी मुलाच्या हाताला धरून उतारावरून वर आल्या आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आत तरुण डॉक्टरीण तपासत होती. राऊत डॉक्टर बाहेर ओट्यावर, बाकाच्या जागी आलेल्या पेशंटांच्या खुर्च्यांत येऊन बसले होते. इतक्या वर्षांत त्यांना मी त्या बाजूला बसलेलं पाहिलं नव्हतं. हात मांडीवर, काय करावं ते सुचत नसलेले.

काका तपासून घेऊन बाहेर आले. बसायला एकच खुर्ची रिकामी होती, डॉक्टरांच्या डाव्या हाताची. ते क्षणभर घुटमळले, मग बसले. दोघं समोर बघत राहिले. मग काका हळूच काहीतरी बोलले. मला ओठ हललेले दिसले, शब्द आला नाही. डॉक्टर तसेच समोर बघत होते.

मग डॉक्टर सावकाश वळले आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इनास, मोठ्यानं बोल. या कानानं मला ऐकू येत नाही."

काकांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या, डॉक्टरांच्या कानाशी वाकले आणि ओरडले, "म्हटलं, पोरगी तुझ्यापेक्षा बरी तपासते!"

"हे ऐकलं," डॉक्टर म्हणाले. आणि ते असे काही हसले, की आतली ती नवी मुलगी गळ्यात स्टेथोस्कोप तसाच ठेवून दारात बघायला आली. तोवर काकाही हसत होते, रडत होते, आणि डॉक्टरांनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.